‘सकाळी तीन, संध्याकाळी चार’साठी आभार

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या चिनी-मराठी शब्दसंग्रहातली ‘चाओ सान मू स्स’ या चिनी वाक्प्रचाराची नोंद तुम्ही ओळन् ओळ तपासून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. चारच अक्षरं: सकाळ, तीन, संध्याकाळ, चार. पुढे अर्थ लिहिला होता ‘फसवणूक’. गोष्ट वाचली की तो पटतो, आणि घोळ तिथेच होतो.

ही गोष्ट म्हणजे प्राचीन चिनी तत्त्वज्ञ च्वांग-त्सच्या ग्रंथातलं दुसरं प्रकरण. माकडं पाळणारा म्हणतो, ओकची फळं सकाळी तीन देईन, संध्याकाळी चार. माकडं चिडतात. बरं, मग सकाळी चार, संध्याकाळी तीन. माकडं खूश! बेरीज सातच. च्वांग-त्सचा रोख माकडांच्या रागावर आहे: पदरात पडणारं तेवढंच, तरी आधी संताप, मग आनंद. लिए-त्स या दुसऱ्या चिनी तत्त्वज्ञाच्या नावावरच्या ग्रंथात याच गोष्टीत अन्न कमी पडल्याचा तपशील येतो आणि तात्पर्य शहाण्याने अडाण्यांना कसं गुंडाळावं, इकडे वळतं. ‘फसवणूक’ इथून ठळक होते. हे दोन पाठ तुम्ही वेगळे काढून दाखवलेत, ही सर्वांत मोठी मदत.

आजच्या वापरात माकडंही नाहीत आणि बेरीजही नाही. उरलंय ते कधी तीन, कधी चार. म्हणून तुम्ही सुचवलेला ‘धरसोड’ हा शब्द चपखल बसतो. त्यातही दोषच दाखवलेला असतो. आज ही नोकरी, उद्या ती. आज हिच्यावर प्रेम, उद्या तिच्यावर, अशा माणसाला हे लागू. विचारपूर्वक बेत बदलणाऱ्याला म्हटलं तर तो दुखावेल. हुकूम सतत बदलत असतील तर ‘चाओ लिंग शी गाय’, म्हणजे सकाळी हुकूम, संध्याकाळी बदल. निष्ठा बदलणाऱ्याला ‘चाओ छिन मू छू’, म्हणजे सकाळी छिन राज्याचा, संध्याकाळी छूचा. तिन्हींची सुरुवात ‘सकाळ’नेच होते, त्यामुळे शिकणाऱ्यांकडून सर्रास अदलाबदल होते. तुमच्या सूचनेप्रमाणे तिन्ही नोंदी आता एकमेकींकडे बोट दाखवतात.

आपले कृतज्ञ,
शब्दसंग्रहाचे संपादक

ता. क. रोमन लिपीतलं ‘झेड-एच’ पाहून लिहिलेलं ‘झाओ’ही काढलं. तो जीभ मागे वळवून म्हटलेला ‘च’ आहे. ‘छाओ’ हा त्याच अक्षराचा दुसरा उच्चार, पण त्याचा अर्थ राजघराणं. आता सुरांच्या खुणाही घातल्या आहेत: पहिली दोन अक्षरं वरच्या सपाट सुरात, पुढची दोन वरून झपकन खाली.