मिश्र गॅसचे बिल उष्णतेवर आकारावे

संपादक महोदय,

नैसर्गिक वायूच्या सध्याच्याच वाहिन्यांतून, जळताना कर्बवायू न सोडणारा हायड्रोजन शुद्ध किंवा त्या वायूत मिसळून नेण्याची चर्चा आता आपल्याकडेही होऊ लागली आहे. सांगली-मिरजेत आणि साताऱ्यात पाइपगॅसचे जाळे अजून विस्तारत असल्यामुळे, या चर्चेतील ग्राहकाच्या खिशाशी निगडित असलेला एक मुद्दा आताच मांडणे मला आवश्यक वाटते.

तांत्रिकदृष्ट्या ही कल्पना हवेतली नाही. नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतात सुमारे १२ किलोमीटरची जुनी गॅसवाहिनी २०१८ पासून दोन कारखान्यांदरम्यान हायड्रोजन वाहून नेत आहे, तर सुरतजवळच्या कवास येथे एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या वसाहतीत जानेवारी २०२३ मध्ये स्वयंपाकाच्या गॅसमध्ये हरित हायड्रोजन (अक्षय ऊर्जेच्या विजेने पाण्यापासून बनवलेला) मिसळण्यास सुरुवात झाली. रस्त्याच्या कडेला केशरी किंवा पिवळ्या प्लॅस्टिक नळ्यांची जी वेटोळी पडलेली दिसतात, त्या नळ्यांना हायड्रोजनचा फारसा उपद्रव होत नाही. खरी काळजी जास्त दाबाच्या पोलादी वाहिन्यांची आहे, कारण हायड्रोजनचे अणू पोलादात शिरून ते ठिसूळ करतात आणि जोडाच्या ठिकाणी आधीच बारीक चीर असेल तर ती दाबाच्या चढ-उतारांबरोबर वाढत जाते.

आता बिलाकडे वळू. सारख्याच दाबाला एक घनमीटर हायड्रोजनमधून मिळणारी उष्णता नैसर्गिक वायूच्या जेमतेम एक तृतीयांश असते. म्हणजे गॅसमध्ये आकारमानाने २० टक्के हायड्रोजन मिसळला, तर प्रत्येक घनमीटरमागे उष्णता सुमारे १४ टक्क्यांनी घटते आणि तोच कुकर, तेवढ्याच शिट्ट्या होईपर्यंत, सुमारे १६ टक्के जास्त गॅस खातो. घरातले मीटर मात्र केवळ घनमीटर मोजते. दर तोच राहिला तर हा फरक ग्राहकाच्या माथी बसेल आणि बिल का वाढले हे त्याला कळणारही नाही. एवढे करून कर्बवायूचे उत्सर्जन २० नव्हे, तर साधारण ७ टक्क्यांनीच कमी होईल. जाहिरातीत मात्र २० चाच आकडा झळकेल, अशी मला शंका आहे.

एक किलो हरित हायड्रोजन तयार करायला पन्नासहून अधिक युनिट वीज लागते. इतके महाग इंधन चहा उकळण्यात घालवण्यापेक्षा, जिथे आज नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनवून तो वापरला जातो, त्या खत कारखान्यांना आणि तेलशुद्धीकरण प्रकल्पांना आधी देणे शहाणपणाचे आहे. जुनी वाहिनी वापरायचीच असेल, तर ती नीट तपासून सबंधच्या सबंध अशा उद्योगांकडे वळवावी.

तरीही घरगुती गॅसमध्ये मिश्रण करायचे ठरलेच, तर पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने त्याआधी बिलाची आकारणी उष्णतेच्या एककावर आणावी आणि मिश्रणाचे प्रमाण प्रत्येक बिलावर छापणे बंधनकारक करावे. शिवाय आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जिथे पोलादी वाहिन्या टाकल्या जात आहेत, तिथे पोलादाची प्रत आणि प्रत्येक जोडाच्या तपासणीची नोंद चर बुजवण्यापूर्वीच करून ती कायमची जतन करावी. एकदा वर डांबर पडले की ही माहिती मिळवण्यासाठी पुन्हा रस्ताच खोदावा लागेल.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली