तिशी-चाळिशीवाल्यांसाठी पण एक बॅच ठेवा

संपादक महोदय, नमस्कार.

मी मूळची पुण्याची, गेली अकरा वर्षं म्युनिकला आहे, तुमचा ई-पेपर रोज ट्रेनमध्ये वाचते. एप्रिलमध्ये तुम्ही उन्हाळी शिबिरांची यादी छापली होती, पोहणं, मल्लखांब, रोलर स्केटिंग, चित्रकला सगळं होतं त्यात, आणि प्रत्येकापुढे वय लिहिलेलं, ५ ते १५, ६ ते १४, एखाद्या ठिकाणी १८. त्याच्या पुढचं एकही नाही. तेव्हाच लिहायचं होतं पण राहून गेलं. आता ऑगस्टमध्ये एक आठवडा फिगर स्केटिंगच्या, म्हणजे बर्फावर उड्या-गिरक्या मारत करायच्या स्केटिंगच्या, कॅम्पला जाऊन आले, आणि तो कॅम्प फक्त मोठ्या माणसांचा होता, म्हणून आता लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

मी ४३ वर्षांची आहे. बर्फावर पहिल्यांदा उभी राहिले ३९ व्या वर्षी. मुलीला क्लासला सोडायचे आणि तासभर कठड्याला टेकून थंडीत उभी राहायचे, एक दिवस तिच्या टीचरच म्हणाल्या की उभंच राहायचं तर बूट घालून आत का येत नाही. तिथून सुरू झालं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं या वयात हाडं मोडून घेशील, मुलीचं बघ आता." तिची काळजी खरी आहे, चाळिशीनंतर हाड मोडलं तर भरून यायला वेळ लागतोच, म्हणून मी कमरेला, गुडघ्याला, मनगटाला पॅड लावूनच जाते.

कॅम्प होता ओबर्स्टडॉर्फला. म्युनिकहून ट्रेनने अडीच तास, जर्मनीच्या अगदी दक्षिण टोकाचं गाव, नेबेलहॉर्न डोंगराच्या पायथ्याशी. गाव लहान पण एका छताखाली बर्फाच्या तीन रिंक आहेत. १९६९ पासून इथे नेबेलहॉर्न ट्रॉफी ही फिगर स्केटिंगची स्पर्धा भरते आणि २००५ पासून मोठ्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पण होते, तिथे खेळायला वय कमीत कमी २८ लागतं. कमीत कमी! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं ते, कारण आपल्याकडे वयाची अट कायम वरूनच लावलेली बघितली आहे.

पहिल्या दिवशी पहिला अर्धा तास आम्ही फक्त पडलो. पडायचं कसं ते शिकवलं. गुडघे वाकवायचे, खाली जात जात एका बाजूला मांडीवर बसल्यासारखं पडायचं, हात मागे टेकवायचा नाही कारण मनगट तिथेच जातं, आणि खाली बर्फावर असताना बोटं मुठीत ठेवायची कारण मागून कोणाचं ब्लेड येत असेल. मग गुडघ्यावर यायचं, एक पाय उभा करायचा, दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाबून उठायचं. लहान मुलाला हे कोणी इतकं शिकवत नाही, ते पडतं आणि उठतं. मोठं माणूस जास्त उंचीवरून पडतं, वजन जास्त, आणि डोक्यात भीती पक्की बसलेली, ती भीती आधी काढल्याशिवाय पुढचं काही शिकवता येत नाही हे त्या कोचना माहीत होतं. चार वर्षांत मला हे कोणी असं नीट दाखवलं नव्हतं.

रोज सकाळी साडेसातला पाऊण तास बर्फ, मग मशीन येऊन बर्फ सारखा करून जायचं तेवढ्यात पाणी प्यायचं, परत पाऊण तास, दुपारी हॉलमध्ये स्ट्रेचिंग आणि जमिनीवर उड्यांची प्रॅक्टिस. ग्रुप वयावर नाही, कोणाला किती येतं त्यावर. माझ्या ग्रुपमध्ये २६ वर्षांचा एक मुलगा होता आणि ६४ वर्षांच्या एक रिटायर्ड नर्स, त्या पंचावन्नाव्या वर्षी शिकायला लागल्या. त्या एका पायावर तीन गिरक्या घ्यायच्या आणि कोच त्यांना ओरडायचे की गुडघा अजून वाकव, खांदा पडतोय, परत कर. मला ते ओरडणं फार आवडलं. त्यांना कोणी "या वयात एवढं जमतंय, वा" असं म्हणत नव्हतं, त्यांच्याकडून चौथी गिरकी हवी होती आणि ती येईल असं धरूनच चालले होते सगळे.

शिकवायची पद्धतच वेगळी. आम्ही प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारायचो आणि कोच न कंटाळता सांगायचे. स्केटचं ब्लेड खालून सपाट नसतं, मधे बारीक खोबण असते, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा असतात, आणि सगळं फिगर स्केटिंग म्हणजे कुठल्या वेळी कुठल्या धारेवर आहात एवढ्यावर चालतं. बाहेरच्या धारेवर जायचं तर अख्खं अंग बाहेर कलायला लागतं, सायकल वळवताना कलतो तसं, आणि मोठं माणूस नेमकं तिथेच घाबरून सरळ उभं राहतं की गोल मोडलाच. दोन दिवस आम्ही नुसते अर्धगोल काढले. चौथ्या दिवशी वॉल्ट्झ जंप, म्हणजे डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवरून पुढे तोंड करून उडायचं, हवेत अर्धं वळायचं आणि मागे तोंड करून उजव्या पायावर उतरायचं. दीड वर्ष मी ती कठड्याजवळच करायचे. त्या दिवशी रिंकच्या मधोमध केली, उतरले आणि उजव्या पायावर मागे मागे घसरत गेले, आणि डोळ्यात पाणी आलं.

ओबर्स्टडॉर्फलाच जर्मनीकडून पेअर्समध्ये, म्हणजे जोडीने, फिगर स्केटिंग करणाऱ्या आल्योना सावचेन्कोने प्रॅक्टिस केली. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये ती ३४ वर्षांची होती, पाचवं ऑलिंपिक, आधी दोन ब्राँझ, पहिल्या फेरीनंतर ती आणि तिचा पार्टनर ब्रुनो मासो चौथ्या नंबरवर होते आणि तिथून सोनं आणलं. डिॲना स्टेलाटो-डुडेकने तर १६ वर्षं खेळ सोडला होता, परत आली आणि २०२४ ला माँट्रियलमध्ये ४० व्या वर्षी पेअर्समध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली. आमच्यातलं कोणी तिथे पोचणार नाहीये, पण या वयात शरीर नवीन काही शिकत नाही असं जे आपण धरून चालतो ते खरं नाही, हे मी माझ्या पायांवर बघितलंय.

मी महाराष्ट्रात बर्फाची रिंक मागत नाहीये. बर्फ चोवीस तास गार ठेवायला प्रचंड वीज लागते, डेहराडूनची २०११ च्या दक्षिण आशियाई विंटर गेम्ससाठी बांधलेली रिंक नंतर कितीतरी वर्षं बंद पडून होती. पण चाकांचे रिंक आहेत ना आपल्याकडे, आणि रोलरवरच्या आर्टिस्टिक स्केटिंगमध्ये उड्या, गिरक्या, धारा सगळं जवळपास तेच, नावंसुद्धा तीच. २०१० च्या ग्वांगझो एशियन गेम्समध्ये अनुप कुमार यामाने त्यातच भारताला ब्राँझ आणलं. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आले होते तेव्हा मी पुण्यात एका रिंकवर विचारायला गेले. तिथले सर चांगले होते, पण म्हणाले, "ताई, बॅच फक्त मुलांची असते, तुमच्या मुलीला पाठवा." बाजूला आठ-दहा आया-बाबा खुर्च्यांवर मोबाईल बघत बसले होते, दीड तास. त्यातल्या चार जणांना तरी विचारलं असतं तर ते उठले असते असं मला मनापासून वाटतं.

क्लबवाल्यांना एवढंच सांगायचंय की आठवड्यातला एक तास, मुलं गेल्यावर रात्री आठनंतर चालेल, तिशीच्या पुढच्या आणि शून्यापासून शिकणाऱ्या माणसांसाठी ठेवा आणि पहिला अख्खा तास पडायला शिकवा. आणि तुम्हाला विनंती, पुढच्या एप्रिलच्या यादीत वयाच्या रकान्यात "३० च्या पुढे" असं लिहिलेली एक तरी ओळ येऊ दे, त्यासाठी क्लबना फोन करून विचारा. मी डिसेंबरमध्ये तीन आठवडे पुण्यात आहे, चार चाकांचे स्केट बॅगेत घेऊन येणार आहे, तोवर कोणी अशी बॅच काढली तर पहिलं नाव माझं लिहून घ्या.

तुमची एक वाचक,
म्युनिक, जर्मनी