पॅरिसमधला दुसरा पैलवान

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. तालमीत तुझ्यापेक्षा थोरला आणि तुझ्याच 130 किलो गटातला पैलवान आहे, तो असेपर्यंत संघात तुझी वर्णी लागणार नाही, म्हणून वजन उतरवून 97 किलोत लढायचं तुझ्या मनात आलंय. वस्तादांशी तू बोलशीलच. पण त्याआधी हे पत्र नीट वाच.

6 ऑगस्ट 2024 ची पॅरिसची ती कुस्ती तू पाहिली आहेस. ग्रीको-रोमन, 130 किलो, अंतिम लढत. क्युबाचा मिहाईन लोपेझ 6-0 ने जिंकला आणि एकाच वैयक्तिक प्रकारात ओळीने पाच ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणारा जगातला पहिला खेळाडू ठरला. बीजिंग, लंडन, रिओ, टोकियो, पॅरिस. कार्ल लुईस आणि मायकेल फेल्प्ससारखी माणसं चारवर थांबली होती. मग निवृत्तीची खूण म्हणून त्याने गादीच्या मधोमध बूट काढून ठेवले आणि सगळे कॅमेरे त्या बुटांवर गेले. मला मात्र तुझ्याशी त्याच्यासमोर हरलेल्या पैलवानाविषयी बोलायचं आहे.

त्याचं नाव यास्मानी अकोस्ता. लढला चिलीकडून, पण जन्माने क्युबाचाच. एके काळी तो लोपेझबरोबर एकाच संघात सराव करायचा. ऑलिंपिकला एका देशाचा एका वजनगटात एकच पैलवान जातो, आणि क्युबाची ती जागा वर्षानुवर्षं लोपेझची होती. तू ज्याला भिंत म्हणतोस ना, ती अकोस्तापुढे केवढी मोठी होती याचा विचार कर. 2015 मध्ये एका स्पर्धेसाठी तो चिलीला गेला आणि तिथेच राहिला. सुरुवातीला पोटासाठी सुरक्षारक्षकाचं काम केलं. घरदार, भाऊबंद सगळं मागे राहिलं. कुठल्याही आईबापाला आपल्या पोराने असा रस्ता धरावा असं वाटणार नाही, मलाही वाटत नाही. पण देश बदलला तरी लढायचा गट त्याने बदलला नाही. 2017 मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य घेतलं, टोकियोत पाचवा आला, आणि 36 व्या वर्षी पॅरिसच्या अंतिम लढतीत पोचला तर समोर पुन्हा लोपेझच! हरला, पण चिलीला कुस्तीतलं पहिलं ऑलिंपिक पदक त्यानेच मिळवून दिलं.

ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नाही, पायाचा वापर करायचा नाही. म्हणजे पट काढून, पाय धरून पाडून गुण मिळवायची वाट बंदच. उरते छातीला छाती लावून केलेली झुंज, मानेची आणि मनगटाची ओढाताण. कमी लढलास म्हणून पंचांनी खाली बसवलं की पोट गादीला घट्ट चिकटवून तग धरायचा, कारण समोरच्याने उचलून फिरवलं की त्याला गुण मिळतात. 130 किलोच्या माणसाने कमरेला विळखा घातलेला असताना न फिरता राहणं, या गटातल्या निम्म्या कुस्त्यांचा निकाल इथेच लागतो असं माझं ठाम मत आहे. टोकियोत लोपेझने अख्ख्या स्पर्धेत एकही गुण दिला नाही. ही कला हलक्या जोडीबरोबर येत नाही. आपल्याला सहज फिरवू शकेल असा माणूस रोज पाठीवर हवा, आणि तो तुला फुकट मिळालाय. अकोस्ता जगातल्या सगळ्यात अवघड माणसाखाली तयार झाला. त्याच्या पदकात त्या सरावाचा वाटा नव्हता असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

आणि लोपेझही काही पहिल्या दिवसापासून लोपेझ नव्हता. 2004 ला अथेन्समध्ये तो पाचवा आला होता. त्याच ऑलिंपिकमध्ये त्याच्या सख्ख्या भावाने, मिशेलने, बॉक्सिंगमध्ये कांस्य जिंकलं. घरात पदक आलं, पण त्याचं नव्हे. पुढच्या वर्षी तो जगज्जेता झाला. नंतरही 2011 आणि 2015 च्या जागतिक अंतिम लढतींत तुर्कस्तानच्या रिझा कायाल्पने त्याला हरवलं. त्याच कायाल्पला त्याने रिओच्या अंतिम लढतीत 6-0 ने आणि टोकियोच्या उपांत्य लढतीत 2-0 ने हरवलं. पॅरिसला तो एक्केचाळीस वर्षांचा होता. या गटातली माणसं उशिरा पिकतात रे. तुझी अंगकाठी अजून भरतेय आणि तू आत्ताच तिला उतरती कळा लावायला निघालास.

वजनाचं तर मला खरंच भय वाटतं. त्या अंतिम लढतीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी विनेश फोगट 100 ग्रॅमने जास्त भरली आणि तिची सुवर्णपदकाची लढत गेली. ती तर अनुभवी, सोबत तज्ज्ञांचा ताफा, रात्रभर घाम गाळलेला. तू आधीच थोराड हाडाचा. दोन महिन्यांत एवढे किलो उतरवशील ते पाण्याचे आणि ताकदीचे असतील. 97 किलोत जे उभे असतील ते मुळातलेच त्या वजनाचे, ताजे आणि चपळ. त्यांच्यासमोर सुकलेला तू मला पाहवणार नाही.

म्हणून सांगतो, हा हंगाम वरच्याच गटात काढ. त्या थोरल्याला आपणहून सांग, सरावानंतर रोज मला खाली घे आणि फिरवायचा प्रयत्न कर. तो नाही म्हणणार नाही, त्यालाही तगडी जोड हवीच असते. हंगाम संपल्यावरही तुला खालच्या गटातच जायचं असेल तर डॉक्टरांना दाखवून, वर्षभर घेऊन, सावकाश जाऊ. तेव्हा मी आडवा येणार नाही, खुराकाचंही सगळं बघेन.

पॅरिसची ती लढत परत एकदा बघ, पण या वेळी फक्त अकोस्ताकडे. खाली असताना त्याची कोपरं कुठे असतात ते मला कळव. मानेचं दुखणं कसं आहे तेही लिही, मागच्या वेळी तू ते टाळलंस.

वस्तादांना माझा नमस्कार सांग. तुझी आई आशीर्वाद सांगते.

तुझा,
बाबा