तिसरी सही

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा ऑफिसातून दबक्या आवाजात बोलत होतीस, म्हणून कागदावर लिहितो.

तुमच्या लग्नाची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या फलकावर लागली त्याच दिवशी कुणीतरी तिचा मोबाइलवर फोटो काढला. रविवारी आपल्या समाजाचे चौघे घरी हजर. दोन अर्ज टाइप करूनच आणले होते, फक्त माझी सही बाकी. एक विवाह अधिकाऱ्याकडे हरकतीचा, दुसरा तुझ्या साहेबांकडे तक्रारीचा. ‘सरकारी नोकरी आहे, एक कागद गेला की पोरगी ताळ्यावर येईल.’ मी ३४ वर्षं आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-नियमांच्या कामात काढली, हे बहुधा विसरले.

१९५४च्या विशेष विवाह कायद्यात हरकतीला ३० दिवस असतात, पण कारण कलम ४ मधलंच लागतं. आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, निषिद्ध नातं, असलं काही. ‘बापाला पसंत नाही’ हे त्यात नाही. आणि साहेबांचं म्हणशील तर १९७९चे सरकारी नोकरांचे वर्तणूक नियम पहिली बायको किंवा नवरा असताना दुसरं लग्न करू देत नाहीत. जोडीदाराचा धर्म ते विचारत नाहीत. लग्नाला परवानगी मागायची नाही. तोंडी ‘समज’ दिली तर नम्रपणे म्हण, लेखी द्या. मेमो आला तर घे, मुदतीत उत्तर दे, पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नकोस.

अर्ज परत केले तसं वाळीत टाकायची भाषा सुरू झाली. मी २०१६चा सामाजिक बहिष्काराचा कायदा काढला, तीन वर्षांपर्यंत कैद. आईने केलेल्या चहावर साय धरली होती, तो तसाच टाकून उठले. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याकडेही त्याच्या जमातीची माणसं जाऊन आली म्हणालीस. एवढ्या एका बाबतीत दोन्ही धर्मांची एकी आहे म्हणायची!

धमकी आली तर गप्प बसू नका, पोलिसांत लेखी द्या. शक्ती वाहिनी या संस्थेच्या खटल्यात २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घरच्यांची किंवा समाजाची संमती लागत नाही.

मला हे लग्न रुचलंय असं मात्र समजू नकोस. रात्री दोन-दोनदा उठून बसतो. त्याच्या घरचे पुढे तुला धर्म बदल म्हणतील का, हे मी त्यालाच तोंडावर विचारणार आहे. या कायद्याने कुणालाच धर्म सोडावा लागत नाही, तोच निवडलात, हे बरं केलंत.

लग्न झालं की सेवापुस्तकात कुटुंबाची नोंद आणि नामनिर्देशन बदलून घे. लोक वर्षानुवर्षं ठेवून देतात.

साक्षीदार तीन लागतात. दोन ठरलेत म्हणालीस, तिसरा शोधू नकोस. माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स सोबत आहे.

आईचं अजून काही ठरत नाही. तिला फोन कर, पण संध्याकाळी, मी फिरायला गेल्यावर.

तुझे,
बाबा