शेरू जेवला, डॉक्टर ताई

आदरणीय डॉक्टर ताई,

सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी दवाखान्यात शेळ्या, गोऱ्हे आणि एक अडलेली गाय होती. त्या गर्दीत आमच्या लॅब्राडोर शेरूचं न जेवण्याचं प्रकरण तसं किरकोळच. तिथे धड आभारही मानता आले नाहीत. आणि आता आपल्याकडच्या खेड्यांतही लॅब्राडोर दिसू लागले आहेत, तेव्हा चार लोकांनी वाचावं म्हणून हे पत्र उघडंच लिहितो आहे.

धाकट्या भावाची बदली झाली आणि शेरू पुण्याहून वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या घरी आला, सोबत कुत्र्यांच्या तयार खाद्याच्या कोरड्या दाण्यांची बॅग. तिकडे तो तेच खायचा. इकडे मात्र दाण्यांना नाक लावायचा आणि ओसरीवर जाऊन पसरायचा. मग आई दुधात भाकर कुस्करायची. ती नको झाली की वरून साय. साय नको झाली की शेजारच्या मटणाची तर्री. नाही म्हटलं की पुढचं ताट आणखी चांगलं येतं, एवढा हिशेब शेरूला पक्का समजला होता.

तुम्ही आधी कुत्रा पाहिलात, मग आम्हाला विचारलंत. ओठ वर करून दात बघितले, हिरडी दाबून रंग परत कसा येतो ते पाहिलं, कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधली, ताप घेतला. गोचीडतापात कुत्रं अन्न सोडतं, मलूल पडतं, हिरड्या पांढरट दिसतात. अशा कुत्र्याला नखरेल म्हणून घरी ठेवलं तर ते हातचं जाऊ शकतं, हे तुम्ही मुद्दाम सांगितलंत. मग म्हणालात, "याच्या हिरड्या गुलाबी आहेत, ताप नाही, आणि मघापासून कंपाउंडरच्या डब्याकडे बघतोय. भूक आहे याला."

नंतर दाण्यांची मूठ नाकाशी नेलीत. खवट वास होता. बॅग टिनाच्या खोलीत ठेवलेली, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. दाण्यांतलं तेल त्या उष्णतेत खराब होणारच, आणि कुत्र्याला तो वास आपल्या कितीतरी आधी येतो. आता नवी बॅग मधल्या घरात, घट्ट झाकणाच्या डब्यात असते.

पण खरे आभार मानायचे आहेत ते तुम्ही आईशी बोललात त्याबद्दल. मी तिच्याशी बोलून थकलो होतो. तुम्ही तिलाच विचारलंत, सकाळपासून हा काय काय खातो? तिने सांगायला सुरुवात केली: तिची भाकर, टपरीवरची खारी, पोरांच्या हातचं फरसाण, शेजारची तर्री. वरचं खाणं दिवसाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, असं तुम्ही म्हणालात तेव्हा ती स्वतःच हसली. तर्रीतला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, हे ऐकून मात्र गप्प झाली. शिजवलेल्या हाडाची किरच आतडं फाडू शकते, हेही तिला नवीन होतं.

तरी तिने विचारलंच, "पण मुक्या जीवाले उपाशी ठेवाव काय माय?"

"उपाशी कायचं, आजी? ताट भरलेलंच राहील. दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, नाही खाल्लं तर काही न बोलता उचलायचं. पुढच्या वेळेला पुन्हा तेच. मधात काहीच नाही. ताट तुम्हीच ठेवा अन् तुम्हीच उचला."

हे शेवटचं वाक्य कामाचं ठरलं. मी ताट उचललं असतं तर मी निर्दयी. तिने उचललं तर तो डॉक्टरणीचा इलाज! तुम्ही भाकरही पूर्ण बंद केली नाहीत. जेवण झाल्यावर चतकोराहून कमी, आणि तीसुद्धा त्याच्याच भांड्यात, एवढी मुभा ठेवलीत. धडधाकट, मोठं कुत्रं एखादं जेवण चुकवू शकतं. पण पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही, किंवा उलटी, जुलाब, सुस्ती दिसली तर वाट न पाहता घेऊन या, आणि पिल्लांवर हा उपाय करू नका, हे तुम्ही दोनदा बजावलंत. वाचणाऱ्यांनीही ते लक्षात ठेवावं.

पहिल्या संध्याकाळी शेरू आईच्या खाटेशी बसून असा काही सुस्कारे टाकत होता की शेजारीण विचारायला आली. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर तिने दाण्यांवर थोडं कोमट पाणी घातलं, तुम्ही वासासाठी सांगितलं होतं तसं, आणि त्याने अर्धं ताट खाल्लं. आता ऊन चढायच्या आत एकदा आणि दिवेलागणीला एकदा, भांडं चाटून साफ असतं. टपरीवाल्याला आणि पोरांना आईने स्वतः जाऊन दम दिला आहे.

एक गोष्ट तेवढी तिने विचारायला सांगितली आहे. पोळ्याला बैलांना पुरणपोळी देतोच; त्या दिवशी शेरूला एक घास चालेल का? मी नाही म्हटलं, पण तिला ते तुमच्या तोंडून हवं आहे. पुढच्या आठवड्यात गोऱ्ह्याच्या लसीसाठी येतो आहे, तेव्हा तीही सोबत येईल.

आपला,
शेरूच्या घरचा थोरला