दोन पौंडांची चिठ्ठी

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

इंग्लंडमध्ये डर्बीत आल्यापासून नऊ वर्षं तुम्हाला नावानेच हाक मारत आले, कारण 'मिस्टर' म्हटलेलं तुम्हाला खपत नाही. पण मराठीत सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला नुसतं नावाने लिहायला माझा हात धजेना. म्हणून आजोबा. शनिवारी आले की इंग्रजी करून वाचून दाखवीन. लिहितेय मात्र मराठीत आणि चारचौघांसमोर, कारण तुमच्याबद्दल आमच्या माणसांना सांगायचं फार दिवस राहिलं होतं.

तेव्हा मी चॅरिटी शॉपच्या मागच्या खोलीत बिनपगारी काम करायचे. नवऱ्याची नोकरी होती, माझ्याकडे डिग्री होती पण इथला अनुभव नव्हता, आणि घर खायला उठलं होतं. लोकांनी दिलेल्या पिशव्या उघडायच्या, कपड्यांवरून वाफ फिरवायची, रेकॉर्डवर दोन पौंडांची चिठ्ठी चिकटवायची. रेकॉर्ड कुठलीही असो, दोनच. मला सगळ्या जिम रीव्ह्जच्या गाण्यांच्या नाहीतर जेम्स लास्टच्या बँडच्या वाटायच्या, आणि बहुतेक असायच्याही.

तुम्ही दर मंगळवारी दार उघडायच्या आधीच बाहेर उभे असायचात. त्या मंगळवारी तुम्ही खोक्यातून एक रेकॉर्ड काढली, खिडकीशी नेली, तिरपी धरून पाहिली आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. मग गल्ल्यावर येऊन माझ्यासमोर ठेवलीत. म्हणालात, "चिठ्ठी चुकली आहे. ही दोन पौंडांना मला देऊ नका."

जो हॅरियटची 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट' होती ती. किंग्स्टनहून १९५१ मध्ये इंग्लंडला आलेला जमैकन जॅझ सॅक्सोफोनवाला, १९७३ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी हलाखीत गेला. हे मला नंतर कळलं. तुमच्याकडे पूर्वी हीच रेकॉर्ड होती आणि घराचं छप्पर गळायला लागलं तेव्हा विकावी लागली होती, हे तर त्याहून नंतर, आणि तेही तुमच्या मुलीकडून. मी बिल करून मोकळी झाले असते, आजोबा. कुणाला पत्ताही लागला नसता. दुकानाने ती ऑनलाइन दोनशेच्या वर विकली. पार्सलवर ओसाकाचा पत्ता पाहून तुम्ही एवढंच म्हणालात की जपानी लोक नीट सांभाळतात.

पुढच्या मंगळवारी तुम्ही भिंग घेऊन आलात. लेबलाशेजारच्या कोऱ्या काळ्या पट्टीत बारीक अक्षरं कोरलेली असतात, ती दाखवलीत. ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या कारखान्यात छापाचा साचा कितवा, हे 'ग्रामोफोन लिमिटेड'मधल्या दहा इंग्रजी अक्षरांनी लिहायचे. जी म्हणजे एक, आर म्हणजे दोन, ए म्हणजे तीन, असं करत डी म्हणजे शून्य. तुम्हाला वाटलं मला जड जाईल. मी हसले, कारण माझ्या वडिलांचं इचलकरंजीत कापडाचं दुकान. साडीच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव ते अशाच एका दहा अक्षरी शब्दाने लिहायचे, म्हणजे गिऱ्हाइकासमोरही नोकराला कळावं किती खाली यायचं. (तो शब्द इथे लिहीत नाही. भाऊ अजून तोच वापरतो.) त्या दिवसापासून रेकॉर्डचा कोपरा माझा झाला. वर्षभराने पगारी जागा निघाली तेव्हा शिफारसपत्र तुम्ही दिलंत, टाइपरायटरवर, दोन ठिकाणी खाडाखोड करून.

तुमची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी कळली. चौदाव्या वर्षी घरोघरी पेपर टाकून साठवलेल्या पैशांतून बाजारातल्या हातगाडीवरची सिडनी बेशे या अमेरिकन जॅझवाल्याची जुनी ७८, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी, घेतलीत. कड फुटलेली, त्यामुळे सुई पहिली काही वळणं सोडून ठेवावी लागे. कित्येक वर्षांनी तीच चीज अखंड ऐकलीत तेव्हा सुरुवात परकी वाटली म्हणे. मला तुमचं हे सगळ्यात आवडतं. आमच्याकडे बालगंधर्वांचं एक पद असंच, मध्येच सुई उडणारं; मला ते अजून त्या उडीसकटच पाठ आहे.

आणि तेव्हा ऐकायला दुसरं होतं काय? इथल्या वादकांच्या युनियनच्या हट्टापायी १९३५ पासून अमेरिकन बँडना ब्रिटनमध्ये वाजवायची परवानगी मिळत नसे. ते सुटलं १९५६ मध्ये. त्याच वर्षी अमेरिकन ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग लंडनच्या एम्प्रेस हॉलमध्ये वाजवून गेला आणि अठरा वर्षांचे तुम्ही पार मागच्या रांगेत होतात. तोपर्यंत जॅझ म्हणजे तबकडीच, आणि नवी परवडत नसेल तर कुणीतरी आधी झिजवलेली. पुढे रेल्वेत कारकून झालात आणि स्वस्तातल्या पासावर लंडनचं सेंट पँक्रस स्टेशन गाठायला लागलात. तिथली जॅझ रेकॉर्डची दुकानं पाहायला: चेरिंग क्रॉस रोडवर ७७ नंबरचं डोबेल्स, नंतर शेजारच्याच किंग्ज क्रॉस स्टेशनाजवळचं मोल जॅझ. स्टेशनाच्या इतकं जवळ दुकान काढणं हा गुन्हा आहे, असं तुमच्या पत्नी म्हणायच्या.

'इंडो-जॅझ फ्यूजन्स'ची संध्याकाळ तर मी विसरणार नाही. तुमच्या बैठकीच्या खोलीत चहा निवत होता. १९६७ ची रेकॉर्ड, हॅरियटचा सॅक्सोफोन आणि कलकत्त्याच्या जॉन मायरची रचना. तुम्ही कव्हर उलटं करून एका ओळीवर बोट ठेवलंत आणि विचारलंत, हे नाव कसं उच्चारायचं? साठ्ये का सेथ? तबल्यावर केशव साठे! मुंबईचा माणूस. तुम्ही पन्नास वर्षं त्यांचा ठेका ऐकत होतात आणि नाव चुकीचं घेत होतात. मी तीनदा म्हणून दाखवलं, तुम्ही तीनदा म्हटलंत, आणि मला काय झालं कोण जाणे, रडू आलं. आपलं आडनाव कुणी इतक्या काळजीने म्हटलेलं या देशात मी ऐकलंच नव्हतं. त्याबद्दल तेव्हा नीट आभार मानले नाहीत. आता मानते.

आता तुम्ही मुलीकडे वेल्सला निघालात. तीन हजारांतल्या चाळीसच न्यायच्या, हे तुम्हीच ठरवलंत, आणि बाकीच्या लावायचं काम माझ्यावर टाकलंत. मागच्या शनिवारी ७८ चं खोकं उचलताना हात भरून आले. लाख घालून केलेल्या जड तबकड्या त्या! त्या काळी बहुतेक लाख हिंदुस्थानातून जायची; आम्ही तिच्या बांगड्या घालायचो, पार्सलांवर तिची मोहर मारायचो. खोक्याच्या तळाशी ती कड फुटलेली बेशे सापडली. चाळिसांच्या यादीत ती नाही. नजरचुकीने राहिली की मुद्दाम, ते तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. तिच्यावर चिठ्ठी लावलेली नाही.

शनिवारी दहाला येते. जाड पुठ्ठ्याची खोकी आणते, दुकानातली पातळ निघाली. चहा मी करीन, तुमच्यासारखा दूध आधी ओतून नाही.

आपली,
मागच्या खोलीतली