दाढ काढण्याआधी

सांगली,
ता. १४ जुलै

प्रिय विनू,

परवा फोनवर म्हणालास, "वरची दाढ काढून टाकतो, मागचीच तर आहे, कुणाला दिसतेय?" ते वाक्य डोक्यातून जाईना. नऊ वर्षांपूर्वी मी हेच म्हणालो होतो.

माझीही वरचीच, उजवीकडची. काढली, ठणका थांबला आणि मी विषय सोडून दिला. डावीकडून चावायची सवयच लागली. दोन वर्षांपूर्वी इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर नवी दाढ लावतात त्यासाठी, गेलो तेव्हा डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. दाढांच्या वर सायनसची काळी पोकळी होती, आणि जिथे माझी दाढ नव्हती नेमकी तिथे ती झोळीसारखी खाली उतरली होती. तिच्या तळाशी एक पांढरी रेघ, तेवढंच हाड उरलेलं. मोजलं तर साडेतीन मिलिमीटर. स्क्रू आठ-दहा मिलिमीटरचा, तो धरणार कशात?

गालाच्या आत, डोळ्याखाली ही हवेची पोकळी असते. सर्दीत वाकलं की जड होते ना, तीच. वरच्या दाढांची मुळं तिच्या तळाला जवळजवळ टेकलेली असतात. चावण्याचा दाब मुळांतून पोचतो, त्यावर आजूबाजूचं हाड टिकतं. दाढ गेली की हाड खालून झिजतं आणि वरून सायनस पसरत येतो. हिरडीखालच्या हाडाची रुंदी तर पहिल्या वर्षातच निम्म्यावर येऊ शकते. आणि मी सात वर्षं घालवली रे.

मग सायनस लिफ्ट करावी लागली. हाडाला बाजूनं खिडकी पाडून आतलं अस्तर अलगद वर उचलतात आणि खाली हाडाची भुकटी भरतात. अस्तर म्हणजे अंड्याच्या कवचाच्या आतला पापुद्रा असतो ना, तसलं नाजूक. दुखलं फार नाही, पण दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवायचं. गणपतीचे दिवस, घरात धूप! आरतीला मी अंगणात उभा राहायचो. पुढे हाड तयार व्हायला सात महिने गेले, मग इम्प्लांट, आणि त्यावरची कॅप, म्हणजे दिसणारी दाढ, त्याहून चार महिन्यांनी.

हायमोर नावाच्या इंग्रज वैद्यानं १६५१ मध्ये या पोकळीचं वर्णन केलं. त्याच्या एका रुग्ण बाईचा वरचा सुळा काढल्यावर त्या भोकातून सतत पाणी झरायचं. तिनं पिसाची काडी आत सारली, ती इतकी वर गेली की मेंदूला पोचली असं वाटून ती घाबरून गेली. तोंड आणि सायनस यांच्यामध्ये पडदा किती पातळ असतो बघ.

तुझ्या बाबतीत मला आणखी एक खटकतंय. तुझी सर्दी कायम डाव्याच नाकपुडीत आणि तिला घाण वास येतो, असं तूच सांगितलं होतंस. दाढही डावीकडचीच. अशा दाढेचा पू सायनसमध्ये गेलेला असू शकतो. डॉक्टरांना हे नक्की सांग. रूट कॅनालनं दाढ वाचते का ते विचार. काढावीच लागली तर त्याच वेळी खड्ड्यात हाडाची भुकटी भरता येईल का, हेही विचार. आणि काढल्यावर चूळ भरताना पाणी नाकात आलं तर उद्यावर ढकलू नकोस, त्याच दिवशी परत जा. तंबाखू तोवर तरी बंद कर, जखम भरत नाही तिच्यामुळे.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं येतोय. मी येईपर्यंत दाढेला हात लावू देऊ नकोस. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू